बदली पद्धती, मुंबईच्या कापडगिरण्यांतील

गैरहजर असलेल्या कायम कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता दुसरा कामगार नेमण्याची गिरण्यांतील व्यवस्था. अशा कामगारास ‘बदली’ म्हणत. परळ, लालबाग, भायखळा, वरळी व दादर या परिसरात पसरलेल्या गिरणगावात पहिल्या पाळीच्या भोंग्यापूर्वी दरवाजाशी जमणारा बदल्यांचा जमाव हे विसाव्या शतकात दीर्घकाळ नित्याचे दृश्य होते. वेतनाचा दर ठरलेला असता कोणते काम कोणास मिळावे हे कशाने ठरते, या अर्थशास्त्रीय प्रश्नाचे ही पद्धती एक बोलके उदाहरण आहे.

या प्रश्नाचा विचार करणाऱ्या शाखेस जुळणी सिद्धांत म्हणतात. धान्याच्या विक्रेत्याला गिऱ्हाईक कोण याच्याशी फारसे कर्तव्य नसते. नोकरी, शाळाप्रवेश वा विवाह यांत मात्र दोन्ही पक्षांना निवड असते आणि केवळ भावाच्या चढउताराने वाटणी होत नाही. डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ मध्ये अशा जुळणीची एक रीत मांडली. एका पक्षातील प्रत्येकाने आपल्या पहिल्या पसंतीकडे मागणी करावी. दुसऱ्या पक्षाने आलेल्यांपैकी सर्वोत्तम मागणी तात्पुरती राखून बाकीच्या नाकाराव्यात. नाकारलेल्यांनी पुढील पसंतीकडे जावे. अखेरीस परस्परांना अधिक पसंत असूनही विलग राहिलेली जोडी उरत नाही. अशा जुळणीस ‘स्थिर’ म्हणतात. ॲल्विन रॉथ यांनी या विचाराचा नवशिक्या डॉक्टरांच्या नेमणुका व शाळाप्रवेश यांच्या अभ्यासात उपयोग केला. रॉथ व शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले. चांगल्या जुळणीसाठी पुरेसे सहभागी, निवडीला पुरेसा अवधी आणि खरी पसंती सांगण्यातील निर्धोकपणा आवश्यक असतो, असे रॉथ यांचे प्रतिपादन आहे.

गिरणीच्या दरवाजाशी माणसे पुष्कळ असत. अवधी मात्र नसे. बहुतेक गिरण्यांचे काम एकाच सुमारास सुरू होई. परळच्या गिरणीने परत पाठविलेला माणूस लालबागला पोहोचेपर्यंत तेथील जागा भरलेल्या असत. त्यामुळे बदलीला रोज एकच दरवाजा निवडावा लागे, आणि तो निवडताना आतल्या माणसाची ओळख हाच त्याचा आधार असे. हा आतला माणूस म्हणजे जॉबर.

कावसजी दावर यांच्या ताडदेव येथील गिरणीपासून (स्थापना १८५४, उत्पादन १८५६) मुंबईत कापडधंदा वाढला, तशी कामगारभरती जॉबरच्या हाती गेली. यंत्रांवर देखरेख, शिस्त, नेमणूक व बडतर्फी हे सर्व तोच पाही. स्त्री-कामगारांवर नायकीण असे. रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून येणारे आपल्या गाववाल्या जॉबरकडे जात. तो चाळीत गाळा मिळवून देई, वाण्याकडे जामीन राही, प्रसंगी कर्जही देई. मोबदल्यात दस्तुरी घेई. केवळ लाचखोर म्हणून त्याची संभावना करणे अपुरे ठरेल. पेरणीला, शिमग्याला किंवा गणपतीला कोण गावी जाणार आणि कोणाचा हात कोणत्या यंत्रावर बसला आहे, ही माहिती व्यवस्थापनाच्या कोणत्याही दप्तरात नव्हती, ती त्याच्यापाशी होती.

परंतु ओळखीने होणारी जुळणी ओळखीच्या सीमा ओलांडत नाही. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना कताईखात्यात काम मिळे, अधिक मिळकतीच्या विणाईखात्यात मात्र मज्जाव होता. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि तो धोटा इतरांच्याही तोंडी जाई, हे कारण सांगण्यात येई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. येथे कामगाराच्या कौशल्याचा किंवा त्याच्या स्वतःच्या पसंतीचा विचार होण्यापूर्वीच जुळणीचा निकाल लागलेला असे.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. त्यानंतर १९३५ मध्ये मुंबई गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना अंमलात आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक संख्येच्या कामगारांना बदली कार्डे दिली जात. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहावयाचे व रिकाम्या जागा प्रथम त्यांना द्यावयाच्या, असा नियम होता. कार्डाने जॉबरच्या मर्जीला लगाम घातला, परंतु कामगार एकाच गिरणीशी बांधला गेला. शिवाय रांगेतील क्रम कळला, तरी कामगाराला काय हवे हे कोणी विचारीत नव्हते. नव्या भाषेत सांगावयाचे, तर ही एका पक्षाच्या अग्रक्रमाने केलेली वाटणी होती.

मुंबईत १९५० मध्ये सुरू झालेल्या शासकीय योजनेने नोंदलेल्या गिरणीकामगारांचा सामाईक साठा उभारून त्यातून गिरण्यांना माणसे पुरविण्याचा प्रयत्न केला. विचार योग्य होता. गिरण्यांचा सहभाग मात्र ऐच्छिक होता. जवळच्याच गोदीत १९४८ च्या कायद्यान्वये अधिक पल्ल्याची व्यवस्था झाली: तेथील नोंदित कामगाराला काम न मिळाल्यास हजेरीभत्ता मिळे व महिन्यातील किमान दिवसांच्या वेतनाची हमी असे. गिरणीतील बदलीला रिकाम्या हाताने परतण्याचा खर्च स्वतःच सोसावा लागे. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९५३ च्या दुरुस्तीने दिलेली कामबंदीची भरपाईदेखील एक वर्षाची सलग सेवा पूर्ण होईपर्यंत त्याला लागू नव्हती. वर्षानुवर्षे बदलीच राहिलेले कामगार हा त्यामुळे कायमचा असंतोष ठरला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात, ज्यात सु. अडीच लाख कामगार सहभागी होते, बदल्यांना कायम करण्याची मागणीही होती. संपानंतर अनेक गिरण्या पूर्ववत चालू झाल्या नाहीत आणि बदली ही संज्ञाच हळूहळू व्यवहारातून गेली.

गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या वाटपात अर्जदार फार व घरे थोडी असल्याने सोडतीचा मार्ग पत्करण्यात आला. २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत निघाली. २०१६ मध्ये पनवेलजवळील कोन येथील २,४१७ घरांचीही सोडत झाली. सोडतीत वशिला चालत नाही, हा तिचा मोठा गुण. अंतर मात्र तिला कळत नाही. एकेकाळी ज्यांची खोली भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर होती, त्या कामगारांपैकी व त्यांच्या वारसांपैकी काहींच्या वाट्याला अशा रीतीने खाडीपलीकडची घरे आली.