खडबडीत धातुपृष्ठांचे सूक्ष्म कठीणतामापन

खडबडीत धातुपृष्ठांचे सूक्ष्म कठीणतामापन म्हणजे हिऱ्याचे अतिसूक्ष्म टोक अत्यल्प भाराने धातूच्या पृष्ठात दाबून त्या ठिकाणची कठीणता ठरविणे होय. ही पद्धत नॅनोइंडेंटेशन या नावाने ओळखली जाते. ठशाची खोली काही दशक नॅनोमीटरपासून एक-दोन मायक्रोमीटरपर्यंत असते. येथे कठीणता म्हणजे कायमस्वरूपी आकारबदलाला पदार्थाने केलेला विरोध. व्यवहारात या शब्दाला असलेली 'सहज न तुटणारे' ही छटा अभिप्रेत नाही. काच कठीण असते आणि ठिसूळही असते. पृष्ठ गुळगुळीत असल्यास हे मापन भरवशाचे ठरते. पृष्ठ खडबडीत असल्यास मात्र मिळालेला आकडा धातूचा की पृष्ठावरील चढउतारांचा, हा प्रश्न उभा राहतो.

पार्श्वभूमी

स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये पोलादी गोळी धातूवर दाबून ठशाच्या आकारावरून कठीणता काढण्याची पद्धत मांडली. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये हिऱ्याच्या चौकोनी पिरॅमिडची व्हिकर्स पद्धत आली. दोन्हींत ठसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मोजला जाई. ठसा मायक्रोमीटरपेक्षा लहान झाला, की साध्या सूक्ष्मदर्शकाने त्याची कड नीट दिसत नाही. त्यामुळे ठसा पाहण्याऐवजी टोक किती खोल गेले हे सतत नोंदविणारी उपकरणे विकसित झाली. डब्ल्यू. सी. ऑलिव्हर आणि जी. एम. फार यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली गणनपद्धती आज सर्वाधिक वापरली जाते.

मापनाचे तत्त्व

बहुधा बेर्कोविच टोक, म्हणजे तीन बाजूंचा हिऱ्याचा पिरॅमिड, वापरतात. चार प्रतले एका बिंदूत मिळतील अशी घासणे अवघड असते. तीन प्रतले मात्र एका बिंदूत मिळतातच. भार वाढविताना आणि काढून घेताना भार व खोली यांचा आलेख काढला जातो. भार उतरविताना आलेखाच्या आरंभीच्या चढावरून प्रत्यक्ष स्पर्शाची खोली ठरते. आदर्श बेर्कोविच टोकासाठी स्पर्शक्षेत्र हे या खोलीच्या वर्गाच्या सुमारे २४.५ पट असते. कमाल भाराला या क्षेत्रफळाने भागले की कठीणता मिळते. उदाहरणार्थ, २ गिगापास्कल कठीणतेच्या धातूवर १० मिलीन्यूटन भार दिल्यास स्पर्शाची खोली सुमारे ४५० नॅनोमीटर भरते.

या पद्धतीत क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजले जात नाही, ते खोलीवरून काढले जाते. हे गणित पृष्ठ सपाट असल्याचे गृहीत धरते आणि खडबडीतपणाची अडचण नेमकी येथेच शिरते.

खडबडीतपणाचा परिणाम

टोक एखाद्या उंचवट्यावर टेकले, तर आरंभी धातूचा थोडाच भाग भार पेलतो. टोक अपेक्षेपेक्षा खोल जाते, गणिताने काढलेले क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा मोठे येते आणि कठीणता कमी दिसते. टोक खळग्यात उतरले, तर बाजूच्या भिंतीही त्याला अडवतात. खोली कमी भरते आणि कठीणता वाढीव दिसते. परिणामी एकाच तुकड्यावरील आकडे विखुरतात. अनेक ठशांची सरासरी घेतल्याने विखुरण्याचा उपद्रव कमी होतो. पण स्पर्श नेमका कोठे सुरू झाला हेच चुकले असेल, तर ती चूक सरासरीने जात नाही.

यात आणखी एक गुंता आहे. अगदी गुळगुळीत धातूतही उथळ ठशांत कठीणता अधिक भरते. टोकाखालील छोट्या भागात स्फटिकरचनेतील रेषीय दोष, म्हणजे डिस्लोकेशन, दाटून येतात असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. विल्यम निक्स आणि हुआजियान गाओ यांनी १९९८ मध्ये त्याचे सूत्र मांडले. हा आकारपरिणाम आणि खडबडीतपणाची चूक दोन्ही उथळ ठशांतच प्रबळ असतात. म्हणून त्यांना वेगळे ओळखणे अवघड जाते.

खोलीची मर्यादा आणि पेच

आयएसओ १४५७७ या मानकानुसार ठशाची खोली पृष्ठाच्या सरासरी खडबडीतपणाच्या किमान २० पट असावी. वरील उदाहरणातील ४५० नॅनोमीटरच्या ठशाला सुमारे २२ नॅनोमीटरपर्यंतचा खडबडीतपणा चालतो. ग्राइंडिंग केलेल्या पोलादाचा खडबडीतपणा ४०० नॅनोमीटर धरल्यास ठसा ८ मायक्रोमीटर खोल हवा. २ गिगापास्कल कठीणतेच्या धातूवर त्यासाठी सुमारे ३ न्यूटन भार लागेल. अनेक नॅनो उपकरणांची कमाल मर्यादा याहून खूपच कमी असते.

पातळ लेपांच्या बाबतीत पेच अधिकच कठीण होतो. खालच्या धातूचा प्रभाव टाळण्यासाठी ठसा लेपाच्या जाडीच्या एक दशांशापेक्षा खोल नसावा, असा प्रघात आहे. कर्तन हत्यारावर २ मायक्रोमीटर जाडीचा टायटॅनियम नायट्राइडचा लेप असेल, तर खोली २०० नॅनोमीटरच्या आत हवी. मग खडबडीतपणा १० नॅनोमीटरच्या आत असावा लागतो. आर्क पद्धतीने चढविलेल्या लेपावर धातूचे सूक्ष्म थेंब गोठलेले असतात आणि ही अट तेथे सहसा पाळली जात नाही. दोन्ही नियम योग्य आहेत, पण एकाच वेळी पाळता येत नाहीत.

उपाय

सर्वांत रूढ उपाय पॉलिश करण्याचा. एमरी कागद, हिऱ्याची पेस्ट आणि शेवटी कोलॉइडल सिलिका अशा क्रमाने खडबडीतपणा काही नॅनोमीटरपर्यंत उतरतो. मात्र घासण्याने वरचा थर स्वतःच कठीण होतो आणि उथळ ठसा नेमका तोच थर मोजतो. विद्युत्-रासायनिक पॉलिशने हा थर यांत्रिक ताण न देता निघतो. तेथे स्फटिककणांच्या सीमा असमान झिजण्याचा धोका असतो. शिवाय झिजलेले बेअरिंग किंवा छर्‍यांचा मारा केलेला स्प्रिंगचा पृष्ठभाग हाच अभ्यासाचा विषय असेल, तर पॉलिशने तो विषयच नाहीसा होतो. अशा वेळी तुकडा आडवा कापून, राळेत बसवून, कापलेल्या बाजूवर ठसे घेतात. कडेच्या फार जवळ घेतलेल्या ठशाला पुरेसा आधार मिळत नाही, त्यामुळे अगदी वरचा थर याही रीतीने निसटतो.

दुसरी रीत पृष्ठाचे चढउतार आधी नोंदवून सपाट जागा निवडण्याची. काही उपकरणांत तेच टोक हलके फिरवून हा नकाशा काढता येतो. ही रीत सोयीची असली, तरी सपाट जागा हा पृष्ठाचा प्रातिनिधिक नमुना असेलच असे नाही, हे निवड करताना बहुधा विसरले जाते. मोठ्या त्रिज्येचे गोल टोक वापरल्यास चढउतारांचा परिणाम अनेक उंचवट्यांवर वाटला जातो, पण बारकाई हरवते.

अहवालात कठीणतेच्या आकड्यासोबत पृष्ठाचा खडबडीतपणा, पॉलिशची पद्धत, ठशाची खोली, ठशांची संख्या आणि नाकारलेल्या ठशांचे कारण नमूद करणे अपेक्षित असते. ही माहिती नसल्यास दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.