चौकातील दोष कोणाचा?

कुंभकोणमहून सहाएक किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. 1799 मध्ये कारभार कंपनीकडे जाईपर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा होता, त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका वाटत नाही. येथील नागनाथस्वामींच्या देवळात राहूचे स्थान आहे. राहुकाळात त्याला दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळताना ते दूध निळे दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आकस्मिक अपघात राहूच्या माथी मारण्याची आपली रीत जुनीच. न्यायालयाला मात्र ती सोय नाही. चौकात दोन वाहने आदळली की दोष कोणाचा, हे त्याला ठरवावेच लागते.

चालकाचा दोष ठरविणे तुलनेने सोपे गेले. 1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या अनुसूचीतच नियम होता: चौकाजवळ वेग कमी करावा, मुख्य रस्त्यावर शिरताना त्यावरील वाहनांना, अन्यत्र उजवीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे. दोन्ही चालक चुकले असतील, तर दोषाची वाटणी होते. मात्र त्यात जखमी झालेला निर्दोष प्रवासी संपूर्ण भरपाई कोणत्याही एका पक्षाकडून वसूल करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले.

शासनाच्या दायित्वाचा इतिहासही रस्त्यावरच सुरू होतो. कलकत्त्यात खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजुरांनी वाहून नेताना लोखंडी भाग टाकला आणि पी. अँड ओ. कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. सार्वभौम सत्तेबाहेरील अशा कामांत शासन उत्तरदायी आहे, असा निर्णय 1861 मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी दिला. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या जीपने एका पादचाऱ्याचा बळी घेतला, तेव्हा 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान शासनाला जबाबदार धरले.

या दोन्ही प्रकरणांत चूक माणसांची होती. रस्ताच सदोष असेल तर? इंग्लंडमध्ये 1788 मध्ये नादुरुस्त पुलामुळे गाडीचे नुकसान झाले, तरी डेव्हन परगण्यावर दावा चालला नाही. दुरुस्तीबाबतची ही ढाल 1961 च्या कायद्याने काढली. तरीही नॉरफोक परगण्यातील एका आंधळ्या वळणाचे प्रकरण बोलके आहे. चौक धोक्याचा आहे, हे परिषदेला ठाऊक होते. दृष्टी अडविणारा बांध रेल्वेच्या जमिनीत होता. रेल्वेला पत्र गेले, उत्तर आले नाही, पाठपुरावा झाला नाही आणि एक मोटारसायकलस्वार जखमी झाला. प्रथम न्यायालयाने परिषदेवर 30 टक्के दोष ठेवला. 1996 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो तीन विरुद्ध दोन मतांनी काढून टाकला.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने 198-अ हे कलम आले. रचनेचे वा देखभालीचे मानक न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. परंतु तो निधीत जमा होतो, कुटुंबाच्या हाती पडत नाही. म्हणूनच ऑक्टोबर 2025 मधील मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश मोलाचा वाटतो. खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूबद्दल वारसांना सहा लाख रुपये द्यावेत आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करावी, असे त्यात म्हटले आहे.

चौकाच्या सदोष रचनेलाही हाच न्याय लागू व्हावा. राहूला दोष दिला की खर्च फक्त दुधाचा. नॉरफोकचे ते अनुत्तरित पत्र मात्र आम्हां प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर कधी ना कधी पडलेले असते.