गणपतीपुळ्याची पेटी आणि ताजमहाल हॉटेलातला जॅझ

आजचा धागा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पोहोचणार आहे. सुरुवात मात्र गणपतीपुळ्यापासून करू. कोकणातल्या कुठल्याही गावाप्रमाणे इथेही भजन म्हटले की पेटी आलीच. तिचे मूळ नाव हार्मोनियम. १८४२ साली पॅरिसच्या आलेक्सांद्र दबें याने या नावाचे पेटंट घेतले. नावातच ‘हार्मनी’ आहे, म्हणजे अनेक स्वर एकदम वाजवून साधलेला मेळ. आपण मात्र या वाद्यावर बहुधा एका वेळी एकच स्वर वाजवीत गायकाच्या मागे मागे चाललो.

हार्मनी म्हणजे काय, ते याच पेटीवर पाहता येते. पांढरी एक हा सा धरा. प्रथम रे, म, ध आणि वरचा सा एकत्र दाबा. मग प, नि आणि वरचे रे, म. शेवटी सा, ग, प, नि. एकदम वाजणाऱ्या अशा स्वरगुच्छाला कॉर्ड म्हणतात. या तीन कॉर्ड सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावर उभ्या आहेत, म्हणून या साखळीचे नाव ‘टू-फाइव्ह-वन’. जॅझमधल्या असंख्य गाण्यांचा कणा हाच.

आता आतली हालचाल ऐका. पहिल्या कॉर्डमधले म आणि सा पकडा. दुसरीकडे जाताना म जागचा हलत नाही. सा अर्ध्या पायरीने उतरून नि होतो. तिसरीकडे जाताना नि थांबतो आणि म उतरून ग होतो. प्रत्येक वेळी एक थांबतो, एक उतरतो. मधल्या कॉर्डमधली म-नि ही जोडी सहा अर्धस्वरांच्या अंतरावरची, स्वभावाने बेचैन. चर्चच्या पारंपरिक संगीतात म खाली ग वर आणि नि वरच्या सा वर जाऊन विसावतो. जॅझ पुष्कळदा नि ला तिथेच ठेवतो. गाणे संपते, पुरते शांत होत नाही.

याच म-नि जोडीखाली प ऐवजी कोमल रे ठेवून पाहा: कोमल रे, म, कोमल ध, नि. बेचैन जोडी तीच राहते, पण तळाचा स्वर रे, कोमल रे, सा असा घसरत घरी येतो. १९४० च्या दशकातल्या बीबॉप वादकांचा हा लाडका डाव. (शेजाऱ्यांची झोपमोड होणार नाही अशा वेळी करावा.)

ही विद्या मुंबईत आणली कोणी? पणजीहून मुंबईला जाणाऱ्या बोटी याच किनाऱ्यासमोरून, पुळ्याच्या क्षितिजावरून जात. त्यांच्या उतारूंत व्हायोलिन किंवा ट्रम्पेटची पेटी सांभाळत बसलेले गोव्याचे तरुणही असत. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना ‘सोल्फेजो’ शिकवीत, म्हणजे कागदावरची स्वरलिपी पाहून ती अचूक गाणे. गावात पोटापुरते काम नसे. ब्रिटिश हिंदुस्थानात पोलिसांचे बँड होते, मूकपटांची थिएटरे होती, हॉटेले होती.

या मुलांना कॉर्ड लिहिता-वाचता येत होती. त्यांच्याजवळ नव्हती ती लय आणि कागद सोडून वाजवण्याची हिंमत. जॅझमधला झोल स्वरलिपीत मावत नाही. तो शेजारी बसूनच शिकावा लागतो.

तो शेजार १९३५ साली मिळाला. अमेरिकेतला कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानिस्ट टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्डने शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवले होते. पुढे तो हिंदुस्थानातच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ यांच्यासारख्या वादकांची पिढी या वातावरणात घडली. वाझ ट्रम्पेट वाजवी. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखत आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि हा चिक चॉकलेट एकत्र आले, ही माझ्या मते मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट. १९५१ च्या भगवानदादांच्या ‘अलबेला’त चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. ज्या महाराष्ट्राने जॅझचे नाव ऐकले नव्हते, तो त्या ठेक्यावर नाचला.

स्टुडिओतली पद्धत साधारण अशी: संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. गोव्याचा अरेंजर ती कागदावर उतरवी, खाली कॉर्ड भरी, व्हायोलिनांची प्रतिधून रची आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद ठेवी. म्हणजे पेटीच्या एकेरी चालीला हार्मनी मिळाली ती या माणसाच्या हातून. गंमत अशी की आकाशवाणीने मात्र पेटीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती. तिचे स्वर ठोकळेबाज, त्यांत मींड नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. पण समान अंतरावर बसवलेल्या त्याच ठोकळेबाज स्वरांमुळे वरचे तीन गुच्छ कुठल्याही पट्टीत जुळतात.

अरेंजरचे नाव पडद्यावर आलेच तर ‘सहायक’ म्हणून येई. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी रचले. ती गाणी पाठ असलेल्या किती जणांना हे नाव सांगता येईल? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर रागांना हार्मनीत बसवण्याच्या ध्यासाने झपाटलेले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनीच शिकवले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलालांनी गुरूचे नाव गाण्यात गुंफले आणि ते देशभर गेले. अंड्यातून उडी मारून बाहेर येणारा अमिताभ सर्वांना आठवतो. ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, हे बहुतेकांच्या गावीही नव्हते. गोन्साल्विस त्यानंतर पस्तीस वर्षे, २०१२ पर्यंत जगले.