शब्दवेध : कोतवाल

संस्कृतातला ‘कोट्टपाल’, म्हणजे कोट राखणारा, फारसी दप्तरात शिरून ‘कोतवाल’ झाला. आणि 1601 मध्ये असीरगड पडून खानदेश अकबराच्या अमलाखाली गेल्यावर, बुऱ्हाणपुरासारख्या तलम कापडाच्या व्यापारावर भरभराटलेल्या सुभ्याच्या शहरी कोटाइतकीच बाजाराचीही राखण त्याच्याकडे आली. ‘आईन-इ-अकबरी’ने घरांची नोंद, मोहल्ल्यांचे प्रमुख नेमणे, वजनमापे, भाव आणि सराईतले उतारू, इतके सारे त्याच्या गळ्यात घातले आहे; शिवाय चोरीस गेलेला माल सापडला नाही, तर भरपाईही त्यानेच करावी! एवढ्या मातब्बर हुद्द्याचे हे नाव आमच्या खेड्यांत मात्र दवंडी पिटणाऱ्या आणि सारावसुलीच्या दिवसांत कुळांना चावडीवर बोलावून आणणाऱ्या, तुटपुंज्या वेतनावरच्या गावनोकराचे झाले.