तळटीप १४ : कवचबीज

१४. कवचबीज : खाजकुयलीच्या वेलाचे बी, संस्कृतात कपिकच्छू. शेंगेवरची तांबूस लव अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. आतले बी मात्र गुळगुळीत आणि चकचकीत. वैद्य ते दुधात उकडून, सोलून वापरतात. मजकुरातला ‘कंपवात’ म्हणजे बहुधा पार्किन्सन. या आजारात मध्यमेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यात दुबळ्या पडतात आणि त्यांच्यातून निसटणारे ऑक्सिजनचे दाहक कण पेशीलाच पोखरतात. कवचबीजात एल-डोपा असते; मेंदूत त्याचेच डोपामिन होते. दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी १९३७ साली या बियांतून एल-डोपा वेगळे काढले, पार्किन्सनवर त्याचा उपयोग कळण्याच्या कितीतरी आधी. हे श्रेय त्यांना क्वचितच मिळते. बियांतली ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये तंतुकणिकांना सावरतात, असे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दिसले आहे. माणसात पेशींचे मरण थांबते, हे सिद्ध झालेले नाही. मजकुरातल्या आजोबांचा हात स्थिरावला तो एल-डोपामुळे, असे समजून पुढचा परिच्छेद वाचावा. एल-डोपाचे प्रमाण बियागणिक बदलते. डॉक्टरांच्या गोळ्यांच्या जोडीला या बियांचे चूर्ण परस्पर घेऊ नये, ही कळकळीची विनंती. — संपादक