रोमची पेटी आणि कोसबाडचे चिंचोके

ज्या मुलास अंक येत नाहींत तें मंदबुद्धि, असा निवाडा आपल्या शाळांतून फार लवकर दिला जातो. परंतु बालवाड्यांतून गणिताचें जें साहित्य दिसतें, त्याचा उगमच अशा मंद ठरविलेल्या मुलांपाशीं आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें इतार व सेगँ यांनीं त्यांच्याकरितां हाताळण्याच्या वस्तु योजिल्या. १९०० च्या सुमारास रोम येथें डॉ. मारिया माँटेसरी यांनीं त्या पुन्हां उपयोगांत आणिल्या. त्यांचीं कांहीं मुलें इतर मुलांच्या बरोबरीनें परीक्षेस उतरलीं, तेव्हां बाईंस प्रश्न पडला तो असा कीं, मग धडधाकट मुलें इतकीं मागें कां? १९०७ सालीं त्यांनीं रोमच्या गरीब वस्तींत काढलेलें बालगृह हा या प्रश्नाचाच पुढचा भाग होय.

या साहित्यांतील काड्यांची पेटी पाहावी. तींत शून्यापासून नवापर्यंत दहा कप्पे व एकंदर ४५ काड्या. अंक पाहून तितक्या काड्या टाकावयाच्या. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो, आणि शून्य म्हणजे काय हें बोलल्यावांचून कळतें. शेवटीं एखादी काडी उरली किंवा कमी पडली, कीं कोठें तरी चुकलें हें मूल आपलें आपणच ओळखतें. मला तर या पेटीचा खरा गुण हाच वाटतो. कारण चुकीबरोबर ज्याच्या पदरीं अपमान आला, तें मूल पुन्हां मोजावयास धजत नाहीं.

पण पेटीस पैसा लागतो. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ सालीं डहाणू तालुक्यांत बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांस तेथें मिळाल्या. पुढें १९५७ सालीं हें कार्य त्याच तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत गेलें. तेथें विकतचें साहित्य कोठून पुरणार? बिया, खडे, शिंपले, पानें हेंच साहित्य झालें. मूल शाळेंत येईना, तेव्हां शाळा अंगणांत गेली. गुरें राखणाऱ्यांसाठीं ती कुरणांतही गेली.

या स्वस्ताईचें कौतुक पुष्कळ झालें, आणि तें योग्यच आहे. मात्र अनुकरण करणारे चिंचोक्यांचा नुसता ढीग मुलांपुढें ओततात. दहा द्रोण मांडून मोजून ४५ चिंचोके दिले तर ती रोमचीच पेटी झाली. ढिगांत मात्र कमीजास्त कांहींच कळत नाहीं, आणि चूक सांगावयास पुन्हां गुरुजीच उभे राहतात.