दोंडाईचा परिसरातील पायवाटा

दोंडाईचा परिसरातील पायवाटा : धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडे तालुक्यातील दोंडाईचा (दोंडाईचे) या व्यापारी शहरापासून शेजारची गावे व शहरे यांकडे जाणाऱ्या जुन्या पादचारी मार्गांचे जाळे. पश्चिमेस रनाळे व नंदुरबार, उत्तरेस तापी ओलांडून सारंगखेडे व शहादे, पूर्वेस विखरण व शिंदखेडे, दक्षिणेस मालपूर आणि आग्नेयीस चिमठाण्यावरून सोनगीर व धुळे या त्यांच्या मुख्य दिशा होत. रस्त्यांचा इतिहास लिहिताना राजमार्ग, लष्करी सडका व लोहमार्ग यांचाच विचार बहुधा होतो. परंतु खानदेशातील बहुसंख्य लोकांचे दळणवळण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या अनाम वाटांवरूनच होत असे. त्यांचा वेगळा विचार करण्याचे कारण इतकेच नाही. गावनकाशावर आजही नोंदलेल्या यांपैकी अनेक वाटा प्रत्यक्ष भूमीवर नांगराखाली गेल्या आहेत आणि त्यांवरील वहिवाटीचा हक्क हा अनेक कुटुंबांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न बनला आहे.

या वाटांची घडण भूमीने ठरविली आहे. तापीच्या दक्षिणेकडील हा प्रदेश काळ्या, खोल व चिकण जमिनीचा असून, अमरावती, बुराई, पांझरा या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाऊन तापीस मिळतात. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या प्रवाशास एकामागून एक नद्या व नाले ओलांडावे लागत, तर दक्षिणोत्तर जाणारा प्रवासी दोन नाल्यांमधील उंचवट्यावरून फारसे पाणी न ओलांडता तापीकाठापर्यंत पोहोचे. पावसाळ्यात काळ्या जमिनीत बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. साहजिकच मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडवाटा जवळजवळ बंद असत व पायी चालणे एवढाच मार्ग उरे. या काळातील वाट मुरमाड माळाच्या कडेने, शेतांच्या बांधांवरून वळसे घेत जाई. खरिपाची पिके निघाली, की तीच वाट मोकळ्या शेतांतून सरळ पडे. एकाच दोन गावांमध्ये अशा दोन वाटा असणे ही येथील सर्वसाधारण स्थिती होती. नकाशा मात्र त्यांपैकी एकच दाखवितो आणि पुढे उद्‌भवलेल्या अनेक तंट्यांचे मूळ येथेच आहे.

तापीचे दोन्ही काठ उंच व घळींनी तुटलेले असल्याने नदी हवी तेथे ओलांडता येत नसे. जेथे घळीतून उतरण्यास सोय व पात्रात उथळ पाणी, तेथेच उतार पडत आणि दोन्ही तीरांवरील वाटा त्या उताराकडे एकवटत. पाणी ओसरल्यावर पायी व एरवी नावेने, अशी नदी ओलांडण्याची रीत होती. सारंगखेडे हे उत्तर तीरावरील गाव दोंडाईच्याहून अडीच-तीन तासांच्या चालीवर आहे. दोंडाईचा व शहादे या दोन बाजारपेठांमधील सर्व ये-जा येथूनच होई. पश्चिमेस प्रकाशे येथे गोमाई नदी, तर पूर्वेस मुडावद येथे पांझरा नदी तापीस मिळते. दोन्ही संगम तीर्थे म्हणून प्रसिद्ध असून प्रकाशे येथील उत्खननात (१९५४-५५) ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष सापडले. नदी ओलांडण्याची ठिकाणे व मानवी वस्ती यांचा संबंध किती जुना आहे, याची त्यावरून कल्पना येते.

मोगल काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा मोठा मार्ग या प्रदेशातून जात होता. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये सुरतेहून निघून नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडे, थाळनेर, चोपडे, रावेर असे मुक्काम करीत बुऱ्हाणपूरला पोहोचला. पहिल्या जेम्सचा वकील सर टॉमस रो यानेही १६१५ च्या नोव्हेंबरात नंदुरबार, थाळनेर व चोपडे या वाटेनेच बुऱ्हाणपूर गाठले. निमगूळ हे आज दोंडाईच्याजवळचे एक साधे खेडे आहे. फिंचने ते गाव व तेथील लोक यांविषयी बरे लिहिलेले नाही. तथापि परक्या वाटसरूची अशी मते बेतानेच घ्यावीत. वाटेतील गावाने त्याला कसे वागविले, त्याहून त्याने रात्रीचा मुक्काम तेथे केला, हीच बाब इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फिंचच्या मुक्कामांत दोंडाईच्याचे नाव नाही. मुक्काम एका दिवसाच्या चालीवर पडतात व मधली गावे नोंदीतून गळतात. म्हणून प्रवासवर्णनांवरून काढलेल्या मार्गांच्या नकाशात जी गावे दिसत नाहीत, ती मार्गावर नव्हतीच असे मानणे चूक ठरेल. नंदुरबार व शिंदखेडे यांना सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा दोंडाईच्याजवळूनच जाते.

ज्याला राजमार्ग म्हणावे तोदेखील येथे बांधलेला रस्ता नव्हता. अनेक समांतर वाटांचा तो एक रुंद पट्टा होता. तांड्याचे बैल, उंट, घोडी व पायी चालणारे लोक ऋतुमानाप्रमाणे व चाऱ्यापाण्याप्रमाणे त्यातील सोयीची वाट धरीत. लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांना विहिरीपेक्षा वाहते पाणी व पडीक रान लागे, तर एकट्या-दुकट्या वाटसरूला गावाजवळून जाणारी वाट सुरक्षित वाटे.

सुरक्षिततेचा प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या प्रारंभी फारच बिकट झाला. पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या, सरदारांची आपसांतील युद्धे व १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे खानदेशातील कितीतरी गावे ओसाड पडली. चालणारे उरले नाहीत, की वाटेवर झुडपे माजतात. थाळनेरचा किल्ला इंग्रजांनी फेब्रुवारी १८१८ मध्ये घेतला आणि त्याच वर्षी खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्लांची पलटण उभी केली. मात्र वाटांची राखण पलटणीपेक्षा गावच्या जागल्यांवर अधिक अवलंबून होती. चोरी झाल्यास जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचे, तेथे शेजारच्या गावच्या जागल्याच्या हाती माग द्यावयाचा आणि ज्या गावाच्या हद्दीत माग हरवेल त्या गावाने जबाबदारी पत्करावयाची, अशी ही जुनी पद्धत होती. पायवाट ही केवळ जाण्यायेण्याची सोय नसून दोन गावांमधील उत्तरदायित्वाचीही रेषा होती, हे यावरून दिसते. शिवेवरील दगड, झाड अथवा म्हसोबाचे ठाणे यांना वाटसरूच्या दृष्टीने जो अर्थ होता, त्यापेक्षा जागल्याच्या दृष्टीने तो फार वेगळा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमीनमोजणी सुरू झाली. तिला खानदेशात, विशेषतः पूर्वेकडील सावदे-फैजपूर भागात, १८५२ मध्ये शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला. हा विरोध सारावाढीच्या भीतीपोटी होता. वाटांच्या बाबतीत मात्र मोजणीचा परिणाम दुहेरी झाला. वहिवाटीने चालत आलेली वाट प्रथमच कागदावर आली, हा लाभ. नकाशावर पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखविण्यात आले. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट (सु. २·५ मी.), गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट व हद्दीवरील ग्रामरस्त्याची तीस ते तेहतीस फूट धरतात. हे आकडे मोजणीच्या साखळीतून आले आहेत. तेहतीस फुटी साखळीचे सोळा आणे होतात. सव्वाआठ फूट म्हणजे साखळीचे चार आणे व साडेसोळा फूट म्हणजे आठ आणे. दुसरीकडे, जी वाट मोजणीदाराच्या दृष्टीस पडली नाही, ती कागदावर आली नाही. मोजणी साधारणपणे उघाडीत होई. त्यामुळे पावसाळी वाटा अशा तऱ्हेने मोठ्या प्रमाणावर निसटल्या असाव्यात.

तापी खोरे लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत सुरू झाला आणि वाटांची रचनाच बदलली. रनाळे, दोंडाईचा, विखरण, शिंदखेडे, नरडाणे, बेटावद ही स्थानके या मार्गावर आली. त्यापूर्वीच्या वाटा गावाकडून गावाकडे जात. आता त्या स्थानकाकडे वळू लागल्या. कापूस, भुईमूग, मिरची हा माल बैलगाडीने स्थानकावर येई आणि शेतमजूर, विद्यार्थी, कोर्टकचेरीसाठी निघालेले शेतकरी पहाटे डोक्यावर गाठोडे घेऊन गाडी गाठण्यासाठी पायी येत. तापीपलीकडील शहादे भागात रेल्वे नसल्याने तेथील माल व माणसे यांनाही दोंडाईचा हेच जवळचे स्थानक झाले. मिरचीची बाजारपेठ म्हणून दोंडाईच्याचा जो लौकिक झाला, त्यामागे लोहमार्ग जितका आहे तितक्याच या तापीकडून येणाऱ्या वाटाही आहेत. पूर्व-पश्चिम जाणारी लांब पल्ल्याची पायी वाहतूक मात्र आगगाडीने संपविली. नंदुरबार ते शिंदखेडे ही फिंचच्या काळची वाट आज सलग चालू जाता येत नाही. तिचे तुकडे शेतरस्ते म्हणून उरले आहेत.

आठवडे बाजार हा या वाटांचा खरा प्राण होता. एका दिवसात जाऊन येता येईल असे अंतर म्हणजे सरासरी दोन ते तीन कोस (कोस म्हणजे सु. ३ कि.मी.). बाजाराच्या गावाभोवती या अंतराचे वर्तुळ काढले, तर त्यातील गावांच्या पायवाटा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्याकडे येताना दिसतात. बाजाराला जाणाऱ्यांत भाजी, अंडी, लाकूडफाटा व मडकी विकणाऱ्या बायांचे प्रमाण मोठे असे. लग्नसंबंधही पुष्कळदा याच वर्तुळात जुळत. सासर व माहेर यांमधील वाट ही अहिराणी ओव्यांचा नेहमीचा विषय आहे, तो यामुळेच. बाजाराच्या दिवशी वाट भरलेली असे व एकटी स्त्री निर्धास्तपणे चालू शके. इतर दिवशी तीच वाट तिला निर्मनुष्य वाटे. या वाटा कोणी वापरल्या असे विचारल्यास प्रथम याच स्त्रिया डोळ्यांसमोर याव्यात, परंतु सरकारी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख जवळजवळ नाही.

यात्रांच्या वाटा निराळ्या. सारंगखेडे येथे दत्तजयंतीस भरणाऱ्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तालुक्यातील पाटण येथील आशापुरी देवीच्या दर्शनास परिसरातील लोक जातात. सर्वांत लांबची पायी यात्रा चैत्रातील. रामनवमी ते चैत्री पौर्णिमा या काळातील उत्सवासाठी खानदेशातून हजारो लोक वणीजवळील सप्तशृंगगडावर पायी जातात. मात्र हे भाविक हल्ली डांबरी रस्त्यानेच चालतात. चालण्याची परंपरा टिकली, पण तिची वाट बदलली आणि भरधाव वाहनांमुळे ती धोक्याचीही झाली.

मोटाररस्ते दोन महायुद्धांच्या दरम्यान वाढले. १४ एप्रिल १९४४ रोजी साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी प्रभृती क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीने नेला जाणारा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला, ही घटना प्रसिद्ध आहे. पूर्वी पायी पहाऱ्यात जाणारा खजिना तोवर मोटारीने जाऊ लागला होता, हेही त्यावरून कळते. १९४८ नंतर राज्य परिवहनाच्या गाड्या आल्या. १९७२ च्या दुष्काळातील कामांनी व पुढे रोजगार हमी योजनेने अनेक गाडवाटांवर खडी व मुरूम पडला. जेथे जुन्या वाटेवरच रस्ता झाला, तेथे ती टिकली. जेथे रस्ता दुसरीकडून गेला, तेथे वाट ओस पडली आणि दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचे नांगर हळूहळू तिच्यावर फिरले. तापीवरील सुलवाडे, सारंगखेडे व प्रकाशे येथील बंधाऱ्यांच्या फुगवट्याखाली जुने उतार गेले. पाण्याचा लाभ मोठा आहे, परंतु समोरच्या तीरावरील शेताला पायी जाणाऱ्यास आता पुलाचा वळसा पडतो.

कायद्याने सार्वजनिक वाटा शासनाच्या मालकीच्या असून (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०) त्या नांगरणे बेकायदेशीर आहे. ज्याच्या शेताला वाटच नाही, त्याला कलम १४३ अन्वये बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. वीस वर्षांची उघड व निर्वेध वहिवाट सिद्ध झाल्यास सुखाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे हक्क प्राप्त होतो. या तरतुदी चांगल्या असल्या, तरी सहा महिन्यांची मुदत पुष्कळांना ठाऊक नसते. जेथे १९४७ च्या कायद्यानुसार जमिनींचे एकत्रीकरण होऊन गट पडले, तेथे जुन्या नकाशावरील वाट नव्या गटाशी जुळविणे हेच एक किचकट काम होऊन बसते. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू केली. तिचा भर ट्रॅक्टर व मालवाहू वाहने जातील अशा रस्त्यांवर आहे. सव्वाआठ फुटी तुटक रेषेचा पायमार्ग तिच्या कक्षेत क्वचितच येतो. भूमिहीन मजूर, गुराखी व शाळेत जाणारी मुले यांना नेमका तोच उपयोगाचा आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने या वाटांची साधने विखुरलेली आहेत : भूमी अभिलेख कार्यालयांतील गावनकाशे, खानदेशाचे १८८० चे गॅझेटिअर, प्रवासवृत्ते, मामलेदार न्यायालयांतील निकाल व वृद्धांच्या आठवणी. यांपैकी शेवटचे साधन सर्वांत नाशवंत आहे. बाजारासाठी व स्थानकासाठी नित्य पायी चालणारी अखेरची पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असून, पावसाळी वाट कोणत्या बांधावरून जाई व नाला कोठे ओलांडीत, हे केवळ तिलाच सांगता येते.